ग्रंथालयांचा इतिहास आणि आमची पारितोषिके

मराठी वाङ्मयाच्या इतिहासलेखनाची आपल्याकडे वाण नाही. ग्रंथकारांची चरित्रे झाली, नियतकालिकांचा परामर्श घेतला गेला, आणि शंकर गणेश दाते यांच्या ग्रंथसूचीने प्रथम १८०० ते १९३७ व नंतर १९५० पर्यंतच्या मुद्रित ग्रंथांची नोंद अभ्यासकांच्या हाती दिली. तथापि छापलेला ग्रंथ पुढे कोणी वाचला, कोठे वाचला आणि कोणास तो वाचावयास मिळालाच नाही, या प्रश्नांना आमच्या वाङ्मयेतिहासात अद्याप हक्काची जागा मिळालेली नाही. लेखकाचा इतिहास ग्रंथावरून लिहिता येतो. वाचकाचा इतिहास लिहावयाचा तर ग्रंथालयाचे दप्तरच उघडावे लागते.

हे दप्तर थोडेथोडके नाही. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये स्थापन झाले. अशा संस्थांविषयी जे लेखन होते ते बहुधा शताब्दीच्या वा अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेच्या रूपाने होते. या वाङ्मयप्रकाराची उपेक्षा करावी असे आम्ही म्हणणार नाही. कित्येक नावे व तारखा केवळ त्याच्यामुळेच टिकल्या आहेत. परंतु त्याचा साचा एकदा तपासून पाहिला पाहिजे. आरंभी संस्थापकांची स्तुती, मग अध्यक्षांची व देणगीदारांची यादी, इमारतीचे छायाचित्र, ग्रंथसंख्येचा चढता तक्ता आणि शेवटी शासनाकडे अनुदानाची विनंती. या साच्यात वाचक कोठेही येत नाही. वर्गणी किती होती व ती कोणास परवडत होती, कोणत्या पुस्तकासाठी लोक खोळंबून राहत, स्त्रिया आणि दलित समाजातील मंडळी वाचनगृहात केव्हा येऊ लागली, कार्यकारी मंडळाने कोणती पुस्तके घेण्याचे नाकारले, यांची उत्तरे जुन्या देवघेव वह्यांत व सभावृत्तांतांत असतात. स्मरणिका त्या वह्या उघडत नाही, कारण तिचे काम गौरवाचे असते, शोधाचे नसते.

आमची पारितोषिकेही याच वळणाची आहेत. महाराष्ट्र शासन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने उत्कृष्ट ग्रंथालयास आणि डॉ. रंगनाथन यांच्या नावाने ग्रंथमित्रास पुरस्कार देते. ते योग्यच आहे. पण ते चालू सेवेचे मोजमाप आहे, भूतकाळाच्या चिकित्सेचे नव्हे. अमेरिकेतील ग्रंथालय संघाच्या इतिहास-विभागाने ही वाट निराळी काढली आहे. तेथे ग्रंथालयेतिहासावरील निबंधास जस्टिन विन्सर यांच्या नावाचे, प्रबंधास फिलिस डेन यांच्या नावाचे आणि ग्रंथास एलायझा ॲटकिन्स ग्लीसन यांच्या नावाचे पारितोषिक आहे. विन्सर हे १८७६ मध्ये स्थापन झालेल्या त्या संघाचे पहिले अध्यक्ष. ग्लीसनबाई या ग्रंथालयशास्त्रात डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय विदुषी. दक्षिणेकडील सार्वजनिक ग्रंथालये आपल्या समाजास कितपत खुली आहेत, हाच त्यांच्या १९४१ च्या ग्रंथाचा विषय. पारितोषिकास असे नाव देण्यातच, इतिहासकाराने कोणता प्रश्न विचारावा याची सूचना आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राबाहेरील मराठी वस्तीत अधिकच निकडीचा होतो. बडोद्याचे उदाहरण सुदैवाने प्रसिद्ध आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावले, आणि १९१२ मध्ये तेथून निघालेल्या ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठीलाही स्थान होते. माळव्याचे तसे झाले नाही. धार आणि देवास येथे पवारांची राज्ये १९४८ पर्यंत नांदली. देवासात तर थोरली आणि धाकटी अशा दोन पाती एकाच गावात होत्या. महीच्या काठचे सरदारपूर ही भोपावर एजन्सीची व माळवा भिल्ल पलटणीची छावणी. अशा ठिकाणी आलेले मराठी कारकून, शिक्षक व वैद्य काय वाचीत असत? देवासच्या दोन दरबारांची ग्रंथखरेदीही दोन तऱ्हांची होती काय? आणि सरदारपूरच्या परिसरातील भिल्ल मुलाच्या हाती शाळेबाहेरचे एखादे पुस्तक कधी पडले काय?

धारेला ग्रंथालयाच्या इतिहासाचे वावडे नाही. सिद्धराजाने माळवा जिंकल्यावर भोजाचा ग्रंथसंग्रह पाटणला गेला आणि तेथील भोजकृत व्याकरण पाहून हेमचंद्राकडून नवे व्याकरण लिहविले गेले, ही प्रबंधांतली कथा सर्वश्रुत आहे. पुढे धार संस्थानच्या शिक्षणखात्यातील काशिनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ च्या सुमारास तेथील शिलालेख उजेडात आणले आणि १९०८ मध्ये लुअर्ड यांच्यासमवेत परमारांचा इतिहास लिहिला. नोकरीच्या आधारामुळे लेल्यांना शिलालेखांसाठी वेळ देता आला. आज कागदासाठी तसा आधार कोणास आहे? दगड आठशे वर्षे टिकला. वाळवीपुढे वही आठ पावसाळेही टिकेल असे नाही.

येथेच पारितोषिक आणि शिष्यवृत्ती यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. पारितोषिक काम झाल्यावर मिळते. म्हणून ज्याला आधीच सवड आहे त्यालाच ते गाठता येते. शिष्यवृत्ती कामाआधी मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाची अधिछात्रवृत्ती मोठी खरी, परंतु ती परीक्षेत निवडलेल्या थोड्यांसाठी आहे. इंदूर-उज्जैनच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या धारच्या वा सरदारपूरच्या एखाद्या विद्यार्थ्यास सहा महिन्यांचा प्रवासखर्च, राहण्याची सोय आणि छायाप्रतींचा पैसा मिळाला, तर जे काम होईल ते शालजोडीने होणार नाही. शिवाय ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यास मोडी वाचता येत नाही आणि मराठीच्या विद्यार्थ्यास दाखलनोंदवही कशी वाचावी हे ठाऊक नसते. तेव्हा असे दोघे एकत्र नेमणे अधिक फलदायी ठरेल.

एवढ्या अरुंद विषयासाठी स्वतंत्र निधी कशाला, असा आक्षेप येईल. विषय अरुंद नाही. आपण तो इमारतीपुरता अरुंद केला आहे. साहित्यसंस्थांनी वार्षिक समारंभातील एका सत्काराचा खर्च वाचवून तो अशा एका विद्यार्थ्यास द्यावा, आणि अट एकच घालावी: निबंधात अध्यक्षांची यादी नसली तरी चालेल, वाचक मात्र असलाच पाहिजे.