रमणा, पडीक आणि लॉन : वऱ्हाडी माळाची तीन वाचने

‘सौंदर्यीकरण’ हा शब्द निविदेत येतो, तेव्हा त्याच्या पोटात एक गृहीतक असते : ही जागा मुळात कुरूप आहे. मग चौक असो, रस्त्याचा दुभाजक असो की तलावाची पाळ, यादी एकच. हिरवळीचे तयार गालिचे, बोगनवेल, कोनोकार्पस, मध्ये एखादे कारंजे. कोकणातल्या एखाद्या गावाची आणि यवतमाळची यादी शेजारी ठेवली तर फरक सापडणे कठीण. प्रश्न केवळ बागकामाचा असता तर तो माळ्यावर सोपवून मोकळे होता आले असते. पण मुरमाड उतारावर उभे असलेले गवत आपल्याला ‘काहीच नाही’ असे का दिसते, हा प्रश्न भाषेचा आणि अभिरुचीचा आहे. म्हणून तो समीक्षेचाही आहे.

यवतमाळला पाऊस कमी पडतो असे नाही. वर्षाची सरासरी साधारण ९०० ते १००० मिलीमीटरच्या घरात आहे. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो, आणि उरलेल्या आठ महिन्यांत पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. २०१८च्या उन्हाळ्यात शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह हे प्रकल्प आटले आणि माणसे टँकरच्या वाटेला डोळे लावून बसली. अशा गावात बारमाही हिरवळ हेच सौंदर्याचे एकमेव परिमाण मानणे, म्हणजे हवामान विसरून सौंदर्यशास्त्र रचणे होय.

या माळाचे पहिले वाचन ‘रमणा’ या शब्दात आहे. पुण्याकडच्या वाचकाला रमणा म्हटले की पर्वतीची पेशवाई दक्षिणा आठवेल. वऱ्हाडात मात्र रमणा म्हणजे राखलेले गवत. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडातील सरकारी जंगलांचे तीन वर्ग केलेले होते : पहिला लाकूड-सरपणाचा, दुसरा रमण्यांचा आणि बाभूळबनांचा, तिसरा खुल्या चराईचा. १९०५पर्यंत ‘वणी जिल्हा’ या नावाने ओळखला जाणारा आजचा यवतमाळ जिल्हा याच व्यवस्थेत होता. या वर्गीकरणामागे महसुलाचा हिशेब होता, निसर्गप्रेम नव्हते, हे उघड आहे. तरी गवत हे एक पीक आहे, ते राखावे लागते, त्याची कापणी असते, एवढी जाण त्या हिशेबात होती.

दुसरे वाचन ‘पडीक’. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत खुरट्या झुडपांचा आणि गवताचा मोकळा प्रदेश ओसाडीच्याच खात्यात मांडला जातो. वास्तविक १९७३ साली दाबडघाव आणि शंकरनारायण या अभ्यासकांनी भारतातील गवताळ आच्छादनांचे पाच प्रमुख प्रकार मांडले. त्यांपैकी ‘सेहिमा-डायकँथियम’ हा प्रकार दख्खनच्या पठाराचा, म्हणजे आपल्या पवन्या-शेडा-मारवेलचा. शास्त्राने नाव दिले, पण ते मराठी जनमानसात उतरले नाही. २०१६ ते २०१९ या काळात महाराष्ट्रात दोन कोटींपासून तेहतीस कोटींपर्यंत चढत गेलेली वृक्षलागवडीची उद्दिष्टे जाहीर झाली; गवताचे उद्दिष्ट असे कधी गाजले नाही. झाड मोजता येते, त्याच्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढता येते. गवताला ही सोय नाही.

यात आपल्या निसर्गलेखनाचाही वाटा आहे. दुर्गाबाईंच्या ‘ऋतुचक्रा’ने (१९५६) मराठी वाचकाला महिन्यामहिन्याचा रंग पाहायला शिकवले. विदर्भाच्या जंगलांत हयात घालवलेल्या मारुती चितमपल्लींनी पाखरांची आणि झाडांची बोलीतली नावे भाषेत रुजवली. ही परंपरा मोठीच आहे. पण तिच्या प्रभावाखाली लिहिणाऱ्या पुढच्या ललित लेखकांत पळस, मोह, बहावा नावानिशी येतात. गवत मात्र ‘गवत’ म्हणूनच येते, झाडामागच्या पडद्यासारखे. कुसळ भेटते ते म्हणीतल्या डोळ्यात. कुंदा भेटतो तो शेतकऱ्याच्या शिवीत. आणि ज्याला आपण सर्रास गवत म्हणतो ते गाजरगवत मुळात गवतच नाही, ते सूर्यफुलाच्या कुळातले परदेशी तण आहे. ज्या भाषेत परक्या तणाला गवताचे नाव मिळते आणि खऱ्या गवतांची नावे गुराख्यांपाशीच राहतात, त्या भाषेतल्या निविदेत ‘पवन्या’ हा शब्द कुठून येणार?

तिसरे वाचन ‘लॉन’. इथे सोपा युक्तिवाद टाळायला हवा. परदेशी झाडे पाणी पितात आणि देशी पीत नाहीत, असे सरसकट म्हणता येत नाही. ब्राझीलकडची बोगनवेल कमी पाण्यात उत्तम तग धरते. मुद्दा पाण्याइतकाच संबंधांचा आहे. घाणेरी शोभेसाठी आली आणि रानभर झाली. बेशरम कुंपणासाठी, फुलांसाठी लावली आणि नाल्यानाल्यांत शिरली. वैदर्भी माणसाने तिचे नावच तिची समीक्षा करून ठेवले आहे. उलट कुसळीच्या बियांचे कुसळ ओलाव्याच्या चढउताराने पिळते-उलगडते आणि बी मातीत पेरते. पावसाशी असा शब्दावाचून झालेला करार गालिच्याच्या हिरवळीपाशी नसतो.

पर्याय कल्पनेतले नाहीत. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी २००६पासून प्रदीप क्रिशन यांनी विलायती बाभळीने व्यापलेली सुमारे सत्तर हेक्टर खडकाळ जमीन मोकळी करून तिथे मारवाडातली झुडपे आणि गवते परत आणली. न्यूयॉर्कच्या जुन्या उन्नत लोहमार्गावरच्या ‘हाय लाइन’ उद्यानात पीट औडॉल्फ यांनी वाळलेल्या गवताचा तपकिरी रंग रचनेचाच भाग मानला. या उदाहरणांची वनस्पती-यादी यवतमाळला आणून उपयोग नाही; आणायची ती दृष्टी.

यादी इथेच आहे. मुरमाड उतारावर पवन्या आणि शेडा, काळ्या मातीच्या कडेला मारवेल. ज्याच्या तेलासाठी भट्ट्या लागत ती तिखाडी वाटेच्या कडेला, कारण तिच्या वासामुळे गुरे ती सहसा टाळतात. उन्हाळ्यातही टिकणारा पिवळा तरवड. पावसाळ्यात तेरडा, जमिनीलगत निळी विष्णुक्रांता, मागून कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे. कळलावी देखणी, पण विषारी. लहान मुलांच्या बागेत तिला जागा नको, आणि कपड्यांत घुसणाऱ्या कुसळीलाही नको. बी दिवाळीनंतर गोळा करायचे, पहिल्या पावसाच्या तोंडावर पेरायचे, खत घालायचे नाही, कारण खताने तणांचेच फावते. वाळलेले गवत पेटते, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उत्तरही जुनेच : बी गळल्यावर कापणी आणि कडेने जाळरेषा.

मात्र ती कापणी कोणाची, हा प्रश्न सौंदर्याच्या चर्चेतून निसटू नये. वऱ्हाडात गावोगावच्या चराऊ सरकारी जमिनीला आजही ‘ई-क्लास’ म्हणतात. ‘देशी माळउद्यान’ या नव्या हौसेने तीच जमीन कुंपणात घेतली, तर गुराख्याला लॉन आणि माळ यांत काहीच फरक उरणार नाही. वाळल्या गवताचे सोनेरीपण न्याहाळण्याची फुरसत त्यालाच असते, ज्याच्या गोठ्यात चाऱ्याची चिंता नाही. शेजारच्या वाशीम-अकोल्यात ‘संवेदना’ संस्थेच्या साथीने फासेपारध्यांनी माळ राखले आणि तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याचा आसरा जपला, तो तिथल्या माणसांना बाहेर काढून नव्हे. उद्यानातले कापलेले गवत गावच्या गुरांना मिळणार असेल, तरच देशी गवताची बाग अभिरुचीचा नुसता पालट ठरणार नाही.

‘रमणा’ या शब्दात राखणे, कापणे आणि पुन्हा वाढू देणे या तिन्ही क्रिया होत्या. त्यात नव्हता तो गावाचा हक्क. पुढच्या निविदेत सौंदर्यीकरणाऐवजी ‘रमणा’ लिहिता येईल. मात्र गवत कोण कापणार, हे त्याच निविदेत नोंदवावे लागेल.