एका गुणाचा खेळ

कुवेतमध्ये जन्मलेले खालिद जमील लहानपणी तिथल्या एका फुटबॉल शिबिरात मिशेल प्लातिनींना भेटले. दैवतच समोर आलं. पण पुढे दोघांच्या वाटा अगदी उलट गेल्या. प्लातिनींनी १९८४च्या युरो स्पर्धेत ५ सामन्यांत ९ गोल केले. प्रशिक्षक झाल्यावर मात्र १९९२च्या युरोत त्यांचा फ्रान्स एकही सामना न जिंकता परतला आणि त्यांनी पद सोडलं. खालिद मुंबईत महिंद्रा युनायटेड, एअर इंडियाकडून मधल्या फळीत खेळले, दुखापतींनी ती कारकीर्द कुरतडली आणि २००९ मध्ये, बत्तिशीतच, ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या प्रशिक्षणाचा स्वभाव या अपुऱ्या राहिलेल्या खेळातूनच घडला असावा: हाती आहे ते आधी राखायचं.

मुंबई एफसीत ते २०१६ पर्यंत होते. विजेतेपद एकही नाही. कंटाळवाणा बचाव, अशी टीका व्हायची आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण फुलसावंगीसारख्या गावातल्या कोरडवाहू कापूसवाल्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. दुष्काळी सालात बियाण्याचे पैसे निघाले तरी साल पदरात पडलं म्हणायचं.

मग मिझोरमचा ऐजॉल एफसी. आदल्या मोसमात खालच्या श्रेणीत घसरलेला हा संघ गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे आय-लीगमध्ये परत आला होता. खालिद यांच्यासोबत मुंबईचे जयेश राणे आणि आशुतोष मेहता तिथे आले. मुंबईत जी कंजुषी वाटत होती, तिला इथे डौल आला, कारण राखलेला चेंडू घेऊन सुसाट पळणारी मिझो पोरं आता पुढे होती. २२ एप्रिल २०१७ रोजी मोहन बागानविरुद्ध ८३ मिनिटं कोंडी फुटली नाही. मग झोहमिंगलियाना राल्टेने डोक्याने गोल मारला. १-०. एवढंच. आठवड्याने शिलाँगमध्ये लाजाँग संघाविरुद्ध नुसती बरोबरी पुरणार होती, तर त्यांच्या डिपांडाने नवव्याच मिनिटाला गोल केला. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने फेड केली आणि ऐजॉल ३७ गुणांवर थांबलं. मोहन बागान ३६वर. ईशान्येत लीगचं पहिलं विजेतेपद आलं ते या एका गुणाने. मला त्यात थरारापेक्षा काटकसरीचं सौंदर्य अधिक दिसतं. लागेल तेवढंच घेतलं, वर एक दाणा नाही.

पुढे कोलकात्याचे दोन्ही मोठे क्लब झाले; तिथे त्यांचं फारसं जमलं नाही. नॉर्थईस्ट युनायटेडला मात्र २०२१ मध्ये त्यांनी इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) बाद फेरीत नेलं. परदेशी प्रशिक्षकांच्या त्या स्पर्धेत भारतीयाला हे पहिल्यांदाच साधलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचा राष्ट्रीय संघ हाती आला. मध्य आशियाई संघटनेच्या काफा स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरं स्थान मिळालं. तो विजय अस्सल खालिदछाप, आधी तग धरायचा आणि मग उरकायचं. ऑक्टोबरमध्ये मडगावला याच पद्धतीची दुसरी बाजू दिसली. छांगतेच्या गोलामुळे सिंगापूरवर आघाडी होती, म्हणजे राखायला काहीतरी होतं. सिंगापूरच्या साँग उई-यंगने दोन गोल करून तेही नेलं. राखणीवर उभ्या असलेल्या संघाला उरलेल्या अर्ध्या तासात एक गोल नव्याने कमवायचा होता, आणि तो काही कमावता आला नाही.