अब्रूनुकसानीच्या कायद्यातील अर्थनिर्णय

अब्रूनुकसानीचा खटला वरकरणी प्रतिष्ठेविषयीचा असला, तरी त्याचा निकाल पुष्कळदा एखाद्या वाक्याच्या अर्थावर अवलंबून असतो. वाक्याचा अर्थ हा भाषाभ्यासकाचाही विषय असल्याने या कायद्याचे परीक्षण केवळ कायदेपंडितांवर सोपवणे योग्य नव्हे. मराठी मजकुराचा अर्थ कोणत्या भाषेत ठरवला जावा, हा प्रश्न प्रस्तुत टिपणात विचारार्थ घेतला आहे.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ४९९ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली. परंतु जुन्या कलमातील उदाहरणे नव्यातही कायम आहेत, आणि ती अत्यंत उद्बोधक आहेत. एका माणसाचे घड्याळ चोरीस गेले आहे. पहिल्या उदाहरणात कोणी एक जण, अमुक गृहस्थ सचोटीचा आहे, त्याने ते घड्याळ मुळीच चोरलेले नाही, असे म्हणतो; मात्र ऐकणाऱ्याने उलट समजावे, हा त्याचा हेतू असतो. दुसऱ्यात तो त्या गृहस्थाकडे नुसते बोट दाखवतो. तिसऱ्यात तो त्या गृहस्थाचे, घड्याळ घेऊन पळत असल्याचे चित्र काढतो. पहिल्यात वाच्यार्थ स्तुतीचा आहे, उरलेल्या दोहोंत शब्दच नाही. तरी तिन्ही ठिकाणी दोषारोप सिद्ध होतो. उपरोधाने केलेला दोषारोपही अब्रूनुकसानी ठरू शकतो, असे तिसरे स्पष्टीकरण सांगते. म्हणजे व्यंजनाव्यापार कायद्याने प्रारंभापासूनच मान्य केला आहे. व्यंग्यार्थाच्या प्रतीतीस वक्ता, श्रोता, काकू, प्रकरण, देश, काल इत्यादींचे वैशिष्ट्य कारण होते, हे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त मांडलेले तत्त्व येथे यथार्थपणे लागू पडते.

व्यवहारात मात्र न्यायालयाचा हात शब्दकोशाकडे जाण्याचा संभव असतो. ब्रिटनमधील एका खटल्यात, पूर्वीच्या पतीने आपला गळा आवळण्याचा प्रयत्न केला, असे एका स्त्रीने फेसबुकवर लिहिले होते. खालच्या न्यायाधीशांनी कोशातील दोन अर्थ पाहिले : गळा आवळून ठार मारणे आणि गळा वेदना होईपर्यंत दाबणे. गळा प्रत्यक्ष दाबला गेला असता ‘प्रयत्न’ हा शब्द आला नसता, अशा तर्काने त्यांनी ‘ठार मारण्याचा प्रयत्न’ हा अर्थ निश्चित केला. २०१९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला. असा मजकूर वाचक घाईने वाचतो, शब्दांची चिकित्सा करीत बसत नाही. त्याला गळा पकडून बळ वापरल्याचाच बोध होतो, असे त्या न्यायालयाचे मत पडले. कोश शब्दाच्या अर्थांच्या शक्यता नोंदवतो. विशिष्ट वाक्यात त्यांपैकी कोणती साकार झाली, हे तो सांगू शकत नाही.

तेथे निदान मजकूर आणि निर्णय एकाच भाषेत होते. आपल्याकडे, संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार, उच्च न्यायालयाच्या कामकाजाची भाषा सामान्यतः इंग्रजी आहे. त्यामुळे मराठी लेखाचे विवेचन भाषांतराच्या आधारे होण्याचा प्रसंग येतो. एक कल्पित वाक्य घेऊ : ‘रस्ता म्हणे गेल्या वर्षीच पूर्ण झाला.’ ‘म्हणे’ हा शब्द विधान परोक्ष असल्याचे दर्शवतो आणि त्याच वेळी त्यावरील अविश्वासही सूचित करतो. ‘गेल्या वर्षीच’ मधील ‘च’ तो उपहास तीव्र करतो. खड्डे चुकवीत जाणाऱ्या वाचकाला यातून कामाचे पैसे कोणी तरी घशात घातले, हे कळते. इंग्रजी भाषांतरात सांगोवांगीपणा राहील, कुत्सित सूर गळेल. भाषांतरकाराने तो सूर स्पष्ट शब्दांत भरला, तर सूचित आरोप उघड आरोप होऊन बसेल. पहिल्या प्रकारात फिर्यादीवर अन्याय होतो, दुसऱ्यात लेखकावर.

यात जोखीम लहान नाही. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना अब्रूनुकसानीबद्दल कारावास भोगावा लागला. ज्या पत्रांवर त्यांनी विश्वास ठेवला, ती बनावट ठरली होती. आजही या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत साध्या कारावासाची शिक्षा होऊ शकते.

यावर असा आक्षेप संभवतो की, व्यंग्यार्थाला एवढे स्थान दिल्यास कोणत्याही वाक्यातून कोणताही आरोप काढता येईल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच फिर्यादीला काय झोंबले, ही कसोटी धरता येणार नाही; प्रकरण, प्रसंग आणि वाचकवर्ग यांच्या आधारे जो अर्थ दाखवून देता येईल, तोच ग्राह्य मानला पाहिजे. परंतु ही मर्यादा घालण्याचे कार्यही मूळ भाषेतच होऊ शकते. निदान वादग्रस्त वाक्य निकालपत्रात देवनागरीत जसेच्या तसे उद्धृत व्हावे आणि अर्थाचा युक्तिवाद त्या वाक्यावर व्हावा, भाषांतरावर नव्हे. ज्या वाचकांच्या मनात प्रतिष्ठा उणावली असे म्हटले जाते, त्यांनी ते वाक्य मराठीत वाचलेले असते.