आकडा तोच, जगणं बदललेलं

मंडळी, समाजवादी वळणाच्या व्यवस्थेकडून बाजाराकडे झालेली वाटचाल आपण आकड्यांत वाचतो. १९९१ नंतर गरिबी झपाट्यानं घटली असं काही जण म्हणतात, काही जण ते नाकारतात. गंमत बघा, दोघांच्याही हातात राष्ट्रीय नमुना पाहणीचेच तक्ते असतात. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून उत्तराआधी प्रश्न तपासतो.

सरकारी हिशेबानं गरिबी १९९३-९४ मध्ये ३६ टक्के होती, १९९९-२००० मध्ये २६. पण मधल्या काळात प्रश्नच बदलला. आधी अन्नावरचा खर्च मागच्या तीस दिवसांचा विचारत. नंतर तीस आणि सात दिवसांचा, शेजारशेजारच्या रकान्यांत. सात दिवसांचं ताजं आठवतं, त्याच्याशी तीस दिवसांचं उत्तर जुळवलं जातं आणि आकडा वर सरकतो. अँगस डीटन यांनी दुरुस्ती करून पाहिली : घट खरी, पण सरकारी आकड्याएवढी नाही.

आता हा बोदलकशाचा परिसर घ्या. घरी वेचून खाल्लेला मोह पाहणीत गावच्या भावानं मोजतात. उद्या तोच मोह विकून तेवढ्याच पैशाचा तांदूळ आणला, तर तक्त्यात खर्च तेवढाच. पण घर आता व्यापाऱ्याच्या भावावर अवलंबून झालं. स्थित्यंतर म्हणतात ते हेच, आणि नेमकं तेच रकान्यात नाही.

तेंदूपानाचंही तसंच. १९६९ च्या कायद्यानं त्याच्या व्यापारावर राज्याची मक्तेदारी आली. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. म्हणजे सरकार सोडून थेट भांडवलदार, असा हा प्रवास नाही. मध्ये ग्रामसभा आहे. तिला खर्चाच्या तक्त्यात जागा कुठे?

२०२२-२३ च्या पाहणीत ग्रामीण माणशी मासिक खर्च ३,७७३ रुपये. योजनांतून फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत धरली तर ३,८६०. दोन्ही आकडे छापले, हे चांगलंच केलं. पण ८७ रुपयांचा फरक ही सरासरी आहे. शिध्यावर चूल पेटणाऱ्या घराला तो फरक कितीतरी मोठा.

म्हणून पाहणी फेकून द्यायची का? मुळीच नाही. अन्नसुरक्षा कायद्यात कोणत्या राज्यात किती लोकांना स्वस्त धान्य, हे २०११-१२ च्या पाहणीवरूनच ठरलं. एवढं ज्यावर अवलंबून आहे, त्या तक्त्याला आपण तीन गोष्टी विचारू : प्रश्न काय होता, किती दिवसांचा होता, आणि कोणत्या व्यवहाराला रकानाच नव्हता?