फाळक्याच्या अलीकडे : ट्रकची बॉडी, सुट्या भागांची बिले आणि आपली समीक्षा

महामार्गावर नुसती चासी जाताना तुम्ही कधीतरी पाहिली असेल. पुढे इंजिन आणि स्टिअरिंग, मागे दोन लांब लोखंडी तुळया, सहा चाके. केबिन नाही, हौदा नाही, काच नाही. चालवणारा माणूस एखाद्या फळीवर बसलेला, डोळ्यांवर गॉगल, नाकातोंडाभोवती मफलर गुंडाळलेला. ही चासी बॉडी बांधणाऱ्याच्या आवारात निघालेली असते. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात, कलम ४३ मध्ये, तात्पुरत्या नोंदणीची मुदत एक महिना ठेवली होती. पण बॉडी चढवण्यासाठी थांबलेल्या चासीला ती वाढवून मिळण्याची सोयही तिथेच करून ठेवली होती. म्हणजे आपल्याकडे ट्रक कारखान्यात पुरा होत नाही, हे कायद्यालाही ठाऊक होते. तो पुरा व्हायचा सुतार, फिटर, पेंटर आणि सुट्या भागांचा दुकानदार यांच्या हातून.

ट्रकच्या कलेविषयी आपण जे लिहितो त्यात या टप्प्याला जवळजवळ जागाच नाही, ही माझी तक्रार आहे. आपण ट्रकच्या मागे उभे राहतो, फाळक्यावरच्या ओळी उतरवून घेतो आणि घरी येऊन लेख लिहितो. 'आपण' म्हणतो, कारण यात मीही आहे. बी. कॉम.चे दुसरे वर्ष अर्धवट टाकून मी सांगलीत सुट्या भागांच्या एका दुकानात काउंटरला उभा राहिलो, तो ११ वर्षे. वाचन झाले ते नगरवाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात. त्या काळात ट्रकमागच्या ओळींच्या दोन वह्या मी भरल्या होत्या आणि त्यांवर एक लेखही छापून आणला होता. तो लेख आज वाचवत नाही. त्यात ओळी बऱ्या होत्या, पण मी काढलेले निष्कर्ष सगळे चुकीचे होते.

पहिली चूक कर्त्याची. फाळक्यावर जे लिहिले आहे ते ड्रायव्हरचे मनोगत, असे मी धरून चाललो होतो. मराठीत या विषयावर वाचनात आलेल्या बहुतेक लेखांत हेच गृहीत असते. पण काउंटरवर ११ वर्षांत ज्या गाड्यांची बॉडी बांधताना मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांचे ड्रायव्हर पगारी होते आणि आवारात उभे राहून 'इथे मोर काढ, तिथे पोरीचे नाव घाल' असे सांगणारा मालक असे. ड्रायव्हर गाडी तयार झाल्यावर येई. बॉडीवरची मुलांची नावे मालकाच्या मुलांची. बहिणीसाठी, आईसाठी लिहिलेली ओळ ड्रायव्हरने लिहवून घेतल्याचेही पाहिले आहे, पण ते नंतर, एखाद्या ढाब्याशेजारच्या पेंटरकडून, स्वतःच्या पैशाने, आणि बहुधा केबिनच्या आत. आतले आपण वाचत नाही, कारण आत चढायला लागते.

दुसरी चूक जास्त गमतीची आहे. त्या लेखात मी ट्रकांच्या तपकिरी रंगावर एक परिच्छेद लिहिला होता : मातीचा रंग, शेतकरी मनाची ओढ वगैरे. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हातात आले. त्यातल्या नियम ९० मध्ये राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकला सुक्या पानाच्या तपकिरी रंगाची आणि ३० सेंटिमीटर रुंद पांढऱ्या किनारीची सक्ती होती! ज्याला मी लोकाभिरुची म्हणत होतो ते सरकारी राजपत्र होते. तरी मोराला, कमळाला जागा मिळे ती या नियमाच्या फटींतून, आणि फट कुठे आहे हे पेंटरला आपल्यापेक्षा चांगले कळत असे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला मनाई झाली तेव्हा हळहळणारे बरेच जण होते. एका ओळीसाठी एवढी हळहळ, आणि त्या गाडीच्या आत काय आहे याची चौकशी कुणी केली नाही.

बाहेरचे लेखन याहून बरे आहे का? डॅन एक्स्टाइन यांचे 'हॉर्न प्लीज' हे २०१४चे छायाचित्रांचे पुस्तक पाहण्यासारखे आहे. पण छायाचित्राला जे दिसते तेच दिसते. जमाल इलायस यांचा पाकिस्तानातील ट्रकांवरचा 'ऑन विंग्ज ऑफ डिझेल' (२०११) हा खरा अभ्यास. चित्रे, अक्षरे, धर्माच्या खुणा यांचा अर्थ लावताना तो वाहतुकीच्या धंद्याकडे पाठ फिरवत नाही. सजावटीमागे पैसा कुणाचा, हा प्रश्न मला त्याच्यामुळे सुचला. त्याचे उत्तर मात्र मला पुस्तकात नव्हे, एका कापडी पिशवीत सापडले.

त्या पिशवीत १९९२ साली बांधलेल्या एका १६१२ची बिले आहेत. (१६१२ म्हणजे १६ टन आणि १२० अश्वशक्तीच्या आसपास, टाटांच्या आकड्यांची ती रीत.) मालक आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने 'तुम्हाला असले कागद लागतात ना' म्हणून पिशवी आणून दिली. बिले तारखेने लावली की ट्रक हळूहळू उभा राहताना दिसतो. आधी लाकूड : बुडाच्या आडव्या-उभ्या तुळया, मग फळ्या. मग यू-बोल्ट, पट्टी, बिजागऱ्या, साखळ्या, ताडपत्रीचे हूक. मग केबिनचा पत्रा, काचा, रबर. मग आरसे, पितळी पट्टी, रंगीत दिवे; यांचे पक्के बिल मुंबईच्या ऑपेरा हाउसकडच्या एका दुकानाचे, म्हणजे मालक त्यासाठी मुद्दाम मुंबईला गेले होते. शेवटी रंगाचे डबे आणि पेंटरची मजुरी.

यू-बोल्टची ओळ वाचून पुढे जाऊ नका. चासीच्या तुळया गाडी चालताना पिळतात, त्यांनी पिळावे अशीच त्यांची रचना असते. त्यांना वेल्डिंग करायचे नसते, त्यांच्या कडांना भोके पाडायची नसतात. तसे केले की तिथून चीर जाते. म्हणून चासी आणि बॉडी यांच्यामध्ये लाकडाची पट्टी घालून दोन्ही यू-बोल्टने आवळतात. कुठे किती आवळायचे हे मिस्त्रीच्या हातात. फार आवळले तर बॉडी चासीशी भांडते, कमी आवळले तर वळणावर सरकते. लाकडी बॉडी कुरकुरते ती याच लवचिकतेमुळे. माझ्या ओळखीचे एक मिस्त्री नव्या गाडीला रिकामी चक्कर मारून आणत आणि आवाज ऐकून कुठला बोल्ट अर्धा फेरा सैल करायचा ते सांगत. ट्रकच्या कलेवर लिहायचे तर या कानाबद्दल लिहायला हवे होते. मी मोराबद्दल लिहीत बसलो.

आता त्याच पिशवीतली एक ओळ : 'सीट, ड्रायव्हर साइड, जुनी – १ नग.' सीट भंगारातून आलेली होती. आरसे नवे, पितळ नवे, दिवे मुंबईचे आणि ज्या जागेवर माणूस दिवसाचे १२-१४ तास बसणार ती जुनी. हे बिल आमच्या दुकानाचे आहे, अक्षर माझे आहे. वडील त्याच मालकाकडे कामाला होते. हळद, गूळ, बेदाणे घेऊन त्यांनी ती गाडी ९ वर्षे चालवली. शेवटी शेवटी खाटेवरून उठताना त्यांना भिंत धरावी लागे. त्यांच्या कंबरेचे कारण ती सीटच होती असे मी म्हणणार नाही, वैद्यकातले मला कळत नाही. बिल लिहिताना ती सीट कोणाच्या खाली जाणार हे मला माहीत होते, एवढेच सांगतो. दोन नग होते, त्यातला जरा बरा निवडून दिला होता.

मालक कंजूष होते का? मुळीच नाही. हा मुद्दा समजायला काउंटरवर उभे राहायला हवे. सुट्या भागांत तेव्हा चार प्रती चालत : कंपनीच्या खोक्यातला माल, कंपनीला पुरवठा करणाराच जो आपल्या खोक्यात विकतो तो, लोकल, आणि 'चालू'. याशिवाय जुना. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणचा चांगला लोकल माल कंपनीच्या तोडीचा असे, आणि कंपनीच्या खोक्यात कधी बनावट माल भरलेला निघे. गिऱ्हाईक पोत्यात जुना नमुना घेऊन येई, तो फळकुटावर नव्याशेजारी ठेवून दात मोजायचे, छेद जुळवायचे. ब्रेकचा ड्रम उचलून हातोडीने हळूच ठोकायचा. घंटेसारखा वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत चीर. उधारी, बदली, 'बसला नाही तर परत' ही बोली, आणि ड्रायव्हरला चहापाण्याचे वेगळे. हा सगळा व्यवहार विश्वासावर चाले आणि दोन्ही बाजू एकमेकांवर फारसा विश्वास ठेवत नसत.

हे मालक ब्रेकचे लायनर कधी 'चालू' घेत नसत, क्लचप्लेट कंपनीचीच घेत. कारण गाडी खंबाटकी घाटात उभी राहिली तर भाडे बुडणार त्यांचे. पितळ आणि मोर यांवर खर्च करत, कारण मार्केट यार्डात गाडी लागली की नाव व्हायचे त्यांचे. सीटचे तसे नाही. वाईट सीटमुळे गाडी थांबत नाही. ज्या भागाचा बिघाड मालकाकडे परत येतो तिथे चांगला माल जाई. ज्याचा त्रास ड्रायव्हरच्या अंगात मुरतो तिथे जुना चाले. पिशवीतली सगळी बिले मी या एका कसोटीवर लावून पाहिली. केबिनमधला पंखा सोडला तर अपवाद सापडला नाही, आणि तो पंखाही दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, वडिलांनी मागून घेतलेला.

जादा पाट्याचे गणितही यातच बसते. १६.२ टन ही दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकची एकूण वजनाची मर्यादा; त्यात चासी, लाकूड, पितळ, सगळे आले. बॉडी जितकी जड तितके कायदेशीर भाडे कमी. म्हणून फाळके उंच करायचे, स्प्रिंगमध्ये एखादा पाटा वाढवायचा आणि वर भरायचे. पाट्यांनी वजन पेलले तरी ब्रेक होते तेवढेच राहिले. २०१८ मध्ये ही मर्यादा १८.५ टन झाली, तेव्हा रस्त्यावर आधीपासून चालले होते त्याच्या जवळ कागद आला, एवढेच माझे मत.

एका मित्राने आक्षेप घेतला की सीट हा कामगार प्रश्न आहे, कलेचा नव्हे. मला हे पटत नाही. जपानमध्ये १९७५ ते १९७९ या काळात 'ट्रक यारो' मालिकेचे दहा चित्रपट निघाले; त्यांतला नायक स्वतःचा ट्रक चालवतो आणि स्वतःच सजवतो. तिथे सजावट ही चालवणाऱ्याची अभिव्यक्ती म्हणता येईल. आपल्याकडे तेच वाक्य उचलून लावले की मालकाची हौस ड्रायव्हरच्या नावावर जमा होते आणि ड्रायव्हरची कंबर कुणाच्याच खात्यावर लागत नाही. वस्तू कोणी, कोणासाठी, कशातून घडवली हे विचारायचे नसेल तर ती समीक्षा कसली?

आता केबिन कारखान्यातून तयार येते. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ३.५ टनांवरील मालवाहू गाड्यांत केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे आहे. मालकाने मूळ रचनेत मनासारखे बदल करू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. 'ट्रकची कला संपली' असे लेख आता येतील, येऊ लागलेही आहेत. मला त्या सुरात सूर मिसळता येत नाही. वडिलांना ही सीट मिळाली असती तर मी दहा मोर सोडले असते. गेले आहे ते दुसरेच. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत सेन्सर बिघडला की काउंटरवर नमुना आणून दात मोजण्यात अर्थ नसतो. लॅपटॉप लावल्याशिवाय गाडी बोलत नाही आणि लॅपटॉप कंपनीचा. पूर्वी मालक, मिस्त्री, दुकानदार यांच्यात घासाघीस चाले, चौथा मार्ग निघे. आता कंपनी सांगेल तो भाग, सांगेल त्या दिवशी. माझ्या जुन्या दुकानात आज टायर आणि बॅटऱ्या विकतात.

हौदा मात्र अजून बाहेर बांधला जातो. गेल्या पावसाळ्याआधी मिरजेजवळच्या एका आवारात गेलो होतो. कंपनीची केबिन, मागे लोखंडी हौद्याचे काम चाललेले; बाभळीची फळी फक्त बुडाला. मालक फोनवर ऑर्डर देत होते. त्यांचा ड्रायव्हर, पंचविशीतला पोरगा, तिथेच होता, हे मला नवीन. तो मिस्त्रीला म्हणाला, "मामा, केबिनच्या पाठीमागं दोन हूक मारा की. मच्छरदाणी बांधायला. हौद्यात झोपावं लागतंय." मिस्त्रींनी मालकांकडे पाहिले. मालकांनी फोन कानाला तसाच ठेवून मान हलवली. मी मिस्त्रींना म्हटले, बिल झाले की एक झेरॉक्स मला द्या. ती आली आहे. हूक बिलात नाहीत. लावले का, ते विचारायला पुन्हा जायचे आहे.