ललिता पवार : ‘खाष्ट सासू’च्या ठशापलीकडील चरित्र अभिनेत्री

सारांश : हिंदी व मराठी चित्रपटसृष्टीत सुमारे सात दशके वावरलेल्या ललिता पवार (१९१६–१९९८) यांचे मूल्यमापन बहुधा दोनच गोष्टींभोवती फिरताना दिसते. त्यांपैकी एक म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी त्यांच्या चेहऱ्याला झालेली इजा आणि दुसरी म्हणजे त्यांनी रंगविलेली खाष्ट सासू. या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या, तरी त्या त्यांच्या अभिनयाचे पुरेसे स्पष्टीकरण ठरत नाहीत, हे निवडक भूमिकांच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : चरित्र अभिनेत्री, ठसा, सासुरवास, खलभूमिका, मातृभूमिका.

१. प्रस्तावना

चित्रपटाविषयीचे आपल्याकडील लेखन प्रामुख्याने नायक, नायिका, दिग्दर्शक आणि संगीतकार यांच्याविषयी झाले आहे. ज्यांच्यावाचून कथानक उभेच राहू शकत नाही अशा आई, सासू, आत्या, घरमालकीण, शेजारीण या भूमिका करणाऱ्या कलावंतांना ‘चरित्र अभिनेत्री’ असे नाव देऊन समीक्षा मोकळी होते. पाश्चात्त्य चित्रपटसृष्टीने या वर्गाची दखल तुलनेने लवकर घेतली. ऑस्कर पुरस्कारांत सहाय्यक भूमिकांसाठीचा स्वतंत्र विभाग १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झाला. मार्गारेट रदरफोर्ड या इंग्रज अभिनेत्रीला उतारवयात ‘द व्ही. आय. पी.ज’ (१९६३) मधील भूमिकेसाठी हा सन्मान लाभला. आपल्याकडे फिल्मफेअर पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले आणि पुढील वर्षीच त्यांत सहाय्यक भूमिकांचा समावेश झाला. म्हणजे पुरस्काराची सोय झाली होती. त्या मानाने अभ्यासाची सोय मात्र झाली नाही.

मराठीत दुर्गा खोटे, हंसा वाडकर आणि लीला चिटणीस यांची आत्मकथने उपलब्ध आहेत व त्यांची चर्चाही झाली आहे. परंतु स्वतःविषयी काय सांगितले यापेक्षा पडद्यावर काय केले, या अंगाने अभिनेत्रींचा विचार क्वचितच होतो. ललिता पवार यांच्याबाबतीत तो होणे अगत्याचे आहे.

२. कारकिर्दीचा पूर्वार्ध

ललिता पवार यांचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवला येथे झाला. त्यांचे मूळ नाव अंबा. वडील लक्ष्मणराव सगुण हे रेशमी व सुती कापडाचे व्यापारी होते. दादासाहेब फाळके यांना १९१३ मध्ये तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नव्हती व ती भूमिका साळुंके या पुरुषाने केली होती. त्यानंतर अवघ्या दीड दशकात एका व्यापारी कुटुंबातील मुलगी बालकलाकार म्हणून मूकपटात आली, ही घटना सामाजिकदृष्ट्या लक्षणीय आहे.

तारुण्यात त्या नायिका झाल्या. ‘कैलास’ (१९३२) या मूकपटाच्या आणि ‘दुनिया क्या है’ या बोलपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. ‘हिंमत-ए-मर्दा’ (१९३५) मधून त्या बोलपटाची नायिका म्हणून पुढे आल्या. भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ (१९३९) आणि वि. स. खांडेकरांच्या कथेवरील मास्टर विनायक यांचा ‘अमृत’ (१९४१) हे त्यांचे या काळातील महत्त्वाचे मराठी चित्रपट होत. शिरोड्याला शिक्षक असलेल्या खांडेकरांच्या लेखणीशी कोकणातील वाचकाचे नाते जवळचे असल्याने ‘अमृत’चा उल्लेख येथे विशेष वाटतो. तात्पर्य, अपघातापूर्वीच्या ललिता पवार या केवळ होतकरू नटी नव्हत्या. नायिका, गायिका आणि निर्माती अशा तिन्ही नात्यांनी त्या या व्यवसायात स्थिरावलेल्या होत्या.

३. अपघात आणि त्याचे आख्यान

१९४२ च्या सुमारास एका चित्रीकरणात मास्टर भगवान यांनी त्यांना थप्पड मारण्याचा प्रसंग होता. थप्पड प्रत्यक्षातच जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूस पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्यास कायमची इजा पोहोचली. उपचार दीर्घकाळ चालले, परंतु डोळा पूर्ववत झाला नाही. एका कलावंताच्या हातून नकळत घडलेला हा अपघात होता. त्यात दुष्टावा नव्हता, पण त्याची किंमत एका तरुण अभिनेत्रीला आयुष्यभर मोजावी लागली.

पुढे या घटनेचे एक आख्यान तयार झाले. एका थपडेने नायिका संपली आणि खलनायिका जन्मली, असे त्याचे स्वरूप आहे. हे आख्यान आकर्षक असले, तरी दोन कारणांनी ते तपासून घ्यावे लागते.

पहिले कारण असे की, नायिकेने चरित्र भूमिकांकडे वळणे ही त्या काळच्या व्यवसायाची रीतच होती. त्यासाठी इजा व्हावी लागत नसे. ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०) आणि ‘झूला’ (१९४१) यांच्या नायिका लीला चिटणीस ‘शहीद’ (१९४८) मध्ये दिलीपकुमार यांच्या आई झाल्या व पुढे बहुतेक आईच राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कोणताही व्रण नव्हता. ललिता पवार ‘दाग’ (१९५२) मध्ये दिलीपकुमार यांच्या आई झाल्या, तेव्हा त्या छत्तीस वर्षांच्या होत्या आणि त्यांच्यात व पडद्यावरील मुलात वयाचे अंतर केवळ सहा वर्षांचे होते. ‘मदर इंडिया’ (१९५७) मधील नर्गिस आणि सुनील दत्त हे मायलेक तर एकाच वर्षी, १९२९ मध्ये, जन्मलेले. पुरुष कलावंत नायक म्हणून टिकून राहावा आणि त्याच्या बरोबरीची स्त्री आईच्या रांगेत जावी, ही व्यवस्था थपडेपेक्षा अधिक व्यापक होती. वैयक्तिक अपघाताची कथा पुन्हा पुन्हा सांगताना ही व्यवस्था नजरेआड होते.

दुसरे कारण कालक्रमाचे आहे. प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात गजानन जागीरदार रामशास्त्री होते व ललिता पवार आनंदीबाई. म्हणजे अपघातानंतर फार काळ न जाता त्यांनी मराठी मनातील सर्वांत कुप्रसिद्ध ऐतिहासिक स्त्री साकारली. १७७३ मधील नारायणराव पेशव्यांच्या वधाशी जोडलेला ‘ध’चा ‘मा’ हा वाक्प्रचार ज्या भाषेत रोजच्या बोलण्यात आहे, त्या भाषेच्या प्रेक्षकापुढे आनंदीबाई उभी करणे हे साधे काम नव्हे. महत्त्वाकांक्षी, बुद्धिमान आणि नवऱ्याच्या दुबळेपणाने चिडलेली स्त्री असे या व्यक्तिरेखेचे रूप आहे. त्यासाठी मिटता डोळा पुरेसा नसतो. त्यामागे उच्चाराची धार आणि मौनावरील ताबा असावा लागतो. इजेने चेहऱ्याचा एक भाग हिरावून घेतला हे खरे. उरलेल्या भागाचे काय करायचे हे मात्र अभिनेत्रीने ठरविले.

४. ‘खाष्ट सासू’ची सांस्कृतिक मुळे

व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’ (१९५०) मधील हुंड्यासाठी सुनेचा छळ करणाऱ्या सासूने ललिता पवार यांच्यावर कायमचा शिक्का बसविला. हा शिक्का इतका घट्ट का बसला, याचे उत्तर चित्रपटाबाहेर शोधावे लागेल.

जात्यावरच्या ओव्या आणि भोंडल्याची गाणी यांतून सासुरवासाचे दुःख मराठी स्त्रीने पिढ्यान्‌पिढ्या गायिले आहे. या गाण्यांतील सासूला बहुधा नाव नसते. ती अडवते, नाकारते, टोमणे मारते. ललिता पवार यांनी या निनावी सासूला चेहरा दिला. प्रेक्षागृहातील स्त्रियांना पडद्यावर दिसत होती ती त्यांच्या ओळखीचीच बाई होती.

आपल्या रत्नागिरी परिसरातील नमन-खेळ्यांच्या परंपरेशीही ही गोष्ट ताडून पाहता येते. संकासुर किंवा गौळणीतील मावशी रंगणात आली की, तिने तोंड उघडण्याआधीच प्रेक्षकाला ती कळलेली असते. ठशाची पात्रे हे लोकनाट्याचे वैगुण्य नव्हे. ते त्याचे व्याकरण आहे, आणि चांगला खेळ्या त्याच व्याकरणात राहून दर खेपेस काही नवे करतो. ललिता पवार यांच्या अभिनयाकडे या दृष्टीने पाहिल्यास ‘त्या एकसुरी होत्या’ हा आक्षेप तपासता येतो. साचा एकच होता हे मान्य केले, तरी त्या साच्यात ओतलेले द्रव्य प्रत्येक वेळी एकच होते काय, हा खरा प्रश्न आहे.

५. ठशात राहून ठशाला छेद

या प्रश्नाचे उत्तर १९५५ ते १९६२ या काळातील भूमिका देतात. राज कपूर यांच्या ‘श्री ४२०’ (१९५५) मधील केळेवाली ही मुंबईच्या पदपथावरची गरीब बाई. तिचा स्वर नेहमीचाच चढा आहे. परंतु येथे तो चढा स्वर परक्या मुलाला आपलेसे करण्याची रीत ठरतो.

१९५९ हे वर्ष या संदर्भात विशेष अभ्यसनीय आहे. त्या वर्षी त्यांच्या दोन परस्परविरोधी भूमिका पडद्यावर आल्या. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मधील गिरिबाला ही जातिनिष्ठ, सोवळ्यातली वृद्धा. अस्पृश्य घरात जन्मलेली मुलगी आपल्या आप्तांच्या घरात वाढावी हे तिला सहन होत नाही. ही बाई क्रूर नाही आणि हेच या भूमिकेचे मर्म आहे. ती आपल्या माणसांवर माया करते व त्याच मायेच्या भरात दुसऱ्या माणसाचे माणूसपण नाकारते. याच चित्रपटात सुलोचनाबाई चारूच्या, म्हणजे सांभाळ करणाऱ्या आईच्या भूमिकेत आहेत. सात्त्विक आईची प्रतिमा लाभलेल्या सुलोचनाबाईंची चारू ‘मुलगी’ आणि ‘मुलीसारखी’ यांतील अंतरात घुसमटते, तर गिरिबालेला तसा संभ्रमच नाही. दोन मराठी अभिनेत्रींनी जातिव्यवस्थेची दोन रूपे अशा रीतीने समोरासमोर उभी केली आहेत. गिरिबालेला निव्वळ खलनायिका केले असते, तर प्रेक्षकाला तिच्यापासून सहज हात झटकता आले असते. ललिता पवार यांनी ती सोय ठेवली नाही.

त्याच वर्षीच्या हृषिकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’मधील मिसेस डिसा ही ख्रिस्ती घरमालकीण. कोकण-गोव्यातून मुंबईत गेलेल्या अशा कुटुंबांशी येथील वाचक परिचित आहे. भाड्यावरून ओरडणारी ही बाई भाडेकरू तरुणावर मुलासारखी माया करते आणि सदोष औषधाने तिचा बळी जातो. तिचा मृत्यू हा कथानकाचा नैतिक केंद्रबिंदू आहे. कारण ते औषध बनविणारा धनिक आणि खुनाचा आळ आलेला गरीब भाडेकरू यांतील दोषी कोण, हा प्रश्न तिथून उभा राहतो. मिसेस डिसांचे ओरडणे खोटे नाही व मायाही खोटी नाही. दोन्ही भाव एकाच वाक्यात वाहून नेण्याचे कौशल्य येथे दिसते. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला.

‘जंगली’ (१९६१) मधील हसण्यावर बंदी घालणारी आई आणि ‘प्रोफेसर’ (१९६२) मधील कडक शिस्तीची सीतादेवी या भूमिकांत त्यांनी आपल्याच ठशाची थट्टा केली. सीतादेवी म्हाताऱ्याचे सोंग घेतलेल्या तरुण शिक्षकाच्या प्रेमात पडते. हा विनोद सहज ओंगळ होऊ शकला असता. आयुष्यभर दाबून ठेवलेले कोवळेपण उशिरा जागे झाल्यावर बाईची जी धांदल उडते, ती त्यांनी हसू आणि करुणा यांच्या सीमेवर ठेवली. प्रौढ स्त्रीला प्रेमाचा अधिकार आहे काय, हा प्रश्न लोकप्रिय चित्रपटाने फारसा विचारलेला नाही. विनोदाच्या आडून का होईना, तो येथे विचारला गेला. पुढे ‘आनंद’ (१९७१) मधील रुग्णालयातील मेट्रन पाहताना मिसेस डिसांची आठवण यावी, अशीच तिची घडण आहे.

६. मंथरा : मर्यादेचा विचार

‘संपूर्ण रामायण’ (१९६१) मध्ये केलेली मंथरा त्यांनी रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ (१९८७–८८) या दूरदर्शन मालिकेत पुन्हा साकारली. या मालिकेने त्यांना नव्या पिढीच्या घराघरांत नेले; परंतु ज्या ठशाला त्यांनी अनेकदा छेद दिला होता, तोच ठसा तिने पक्का केला. शारीरिक व्यंग म्हणजे मनाची वक्रता, हे समीकरण मंथरेच्या पारंपरिक चित्रणात आहे. ललिता पवार यांच्या इजा झालेल्या डोळ्याचा वापर निर्मात्यांनी वर्षानुवर्षे याच समीकरणाच्या पुष्ट्यर्थ केला, हे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. अभिनेत्रीच्या जिद्दीचे कौतुक करताना या वापराकडे काणाडोळा करणे न्याय्य ठरणार नाही. त्यांच्या अनेक भूमिका साचेबद्ध आहेत, ही मर्यादाही मान्य करावी लागते. तिची जबाबदारी मात्र एकट्या अभिनेत्रीवर टाकता येत नाही.

७. समारोप

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात ललिता पवार यांचे निधन झाले. उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात. त्यांचे चरित्र भूमिकांकडे वळणे हे केवळ अपघाताचे फलित नसून स्त्री कलावंतांना लवकर वृद्ध करणाऱ्या व्यवसायाचेही ते फलित होते. त्यांची खाष्ट सासू लोकपरंपरेतील सासुरवासाच्या अनुभवाशी जोडलेली असल्यामुळेच प्रभावी ठरली. आणि त्यांचे खरे सामर्थ्य दुष्टपणा रंगविण्यात नव्हे, तर कठोरपणा व माया ही एकाच स्वभावाची दोन अंगे म्हणून दाखविण्यात होते.

एखाद्या कलावंताला एका अपघाताच्या कथेत बंद करणे सोपे असते. चित्रपट समोर ठेवून भूमिकांचा विचार करणे अधिक कष्टाचे आहे; परंतु समीक्षेचे काम तेच आहे. आपल्या महाविद्यालयांतून चित्रपट आस्वादाचे वर्ग चालतात, तेथे ‘सुजाता’ आणि ‘अनाडी’ हे एकाच वर्षीचे दोन चित्रपट एकापाठोपाठ दाखवावेत. गिरिबाला आणि मिसेस डिसा एकाच चेहऱ्याने उभ्या केल्या आहेत, एवढे विद्यार्थ्यांच्या लक्षात आले, तरी ‘चरित्र अभिनेत्री’ या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.