ग सा ग रे

मागाजवळ जमिनीवर एक अंडं पडलेलं असतं. माउसचा बाण त्यावर नेऊन टिचकी मारली की बॉबिनच्या हातातली काठी उजळते आणि चार स्वर ऐकू येतात. पाश्चात्त्य स्वरलिपीत ते ई, सी, ई, डी. सीला षड्ज मानलं तर ग, सा, ग, रे. मी हा खेळ पहिल्यांदा खेळलो ते मामाकडच्या संगणकावर. तेव्हा ते स्वर वहीच्या मागच्या पानावर मी असेच उतरवून घेतले होते, कारण पेटीच्या क्लासला जाणाऱ्या मुलाला तीच लिपी येत होती. मग काठीवर एकेक टिचकी मारत तेच चार स्वर वाजवले आणि अंडं उघडलं. ‘उघड’ असं लिहिलेलं बटण पडद्यावर कुठेच नव्हतं. ते क्रियापद मी वाजवलं होतं.

‘लूम’ हा खेळ लुकासफिल्म गेम्सने १९९० साली काढला. त्याचा रचनाकार ब्रायन मोरियार्टी त्याआधी इन्फोकॉममध्ये होता. ‘विशब्रिंगर’ आणि ‘ट्रिनिटी’ हे त्याचे तिथले खेळ निव्वळ शब्दांचे: समोर मजकूर यायचा आणि खेळणाऱ्याने वाक्य टाइप करून उत्तर द्यायचं. असा शब्दांवर पोसलेला माणूस माउसच्या खेळाकडे आला आणि त्याने शब्दच बाजूला ठेवले, याचं मला आजही अप्रूप वाटतं. त्या काळी माउसच्या साहसखेळांत, अगदी याच कंपनीच्या १९८७च्या ‘मॅनिअक मॅन्शन’मध्येही, पडद्याच्या तळाशी क्रियापदांची यादी असे. उघड, ढकल, उचल, दे. आधी क्रियापदावर टिचकी, मग वस्तूवर. ‘लूम’मध्ये ही यादी नाही आणि गोळा केलेल्या वस्तूंची झोळीही नाही. तळाशी फक्त एक आडवी काठी आहे. सूत कातताना लोकर जिच्यावर गुंडाळून ठेवतात ती.

ही काठी विणकरांची. कथेतल्या जगात कारागिरांचे संघ आहेत: लोहारांचा, काच घडवणाऱ्यांचा, मेंढपाळांचा. विणकरांची विद्या इतकी पुढे गेली की कापड सोडून ते वास्तवाचाच पोत विणू लागले. एका बेटावर त्यांचा महामाग आहे. बॉबिन थ्रेडबेअर त्यांच्यातलाच सतरा वर्षांचा मुलगा. पहिलं नाव मागावरच्या कांडीचं, आडनावाचा अर्थ झिजून विरलेलं कापड. त्याची आई सिग्ना हिला संघाने हद्दपार केलेलं. तिची हकीकत खेळात थोडीच येते. खोक्यात अर्ध्या तासाच्या श्रुतिकेची कॅसेट होती, तिच्यात ती सविस्तर ऐकायला मिळते. तिने महामागावर हात चालवला आणि विणीत एक राखाडी धागा आला, तो म्हणजे हा मुलगा. म्हणून ज्येष्ठांनी त्याला विद्या शिकवायची मनाई केली. हेचेल नावाच्या म्हातारीने त्याला वाढवलं आणि चोरून शिकवलंही. संघातल्या तीन ज्येष्ठांची नावं क्लोथो, लॅकेसिस आणि अॅट्रोपोस. ग्रीक पुराणांत आयुष्याचा धागा कातणाऱ्या, मोजणाऱ्या आणि कापणाऱ्या तिघींची. खेळात हे कुणी समजावून सांगत नाही.

चार स्वरांच्या प्रत्येक मंत्राला खेळात ‘ड्राफ्ट’ म्हटलंय. हा शब्द मागावरचाच आहे. नक्षी मागावर चढवण्याआधी विणकर चौकटीच्या कागदावर तिचा आराखडा काढतो, तो ड्राफ्ट. सुरुवातीला बॉबिनच्या काठीवर तीनच स्वर वाजतात, आपल्या हिशेबाने सा, रे आणि ग. मग मुलगा जसा तयार होतो तसे मध्यम, पंचम, असं करत तार षड्जापर्यंतचे स्वर उघडतात. नव्या विद्यार्थ्याला पेटीवर बोटं ठेवायला शिकवतात त्याच क्रमाने. पुढचा स्वर मिळाला की कानालाच ते कळतं, त्यासाठी गुणफलक लागत नाही. काही ड्राफ्ट तर निसर्गातूनच ऐकून घ्यायचे असतात. झाडाच्या ढोलीतली घुबडं घुमतात, ती नुसती शोभेची नाहीत.

या खेळाचा खरा कस मला समुद्रावरच्या प्रसंगात दिसतो. बॉबिन एका ओंडक्यावर बसून बेट सोडतो आणि वाटेत पाण्याचा गरगरणारा खांब आडवा येतो. दुसऱ्या कुठल्या खेळात इथे शस्त्र शोधावं लागलं असतं. इथे त्या खांबावर टिचकी मारायची, की तोच आपले चार स्वर ऐकवतो: पीळ घालण्याचा ड्राफ्ट. तो तसाच वाजवून उपयोग नाही, कारण पीळ तर आधीच पडलेला आहे. तोच ड्राफ्ट शेवटच्या स्वराकडून पहिल्याकडे वाजवायचा. पीळ उलगडतो आणि वाट मोकळी होते. संकटानेच आपलं सूत्र सांगावं आणि ते उलटं म्हटलं की संकट सुटावं, हे मी तेव्हा श्वास रोखून पाहिलं होतं. विणकाम जाणणाऱ्याला मात्र ते नवं नाही. घातलेली वीण त्याच वाटेने मागे येऊन उसवावी लागते.

यापुढे खेळणाऱ्याचा कान आपोआप दोन्ही दिशांनी ऐकू लागतो. रंग देण्याचा ड्राफ्ट आधी लोकरीसाठी शिकलेला असतो. पुढे मेंढपाळांच्या मेंढ्यांवर ड्रॅगन झडप घालतोय असं कळलं की तोच जिवंत मेंढ्यांवर वाजवायचा. पांढरा कळप हिरवा होतो आणि कुरणात विरघळून जातो. गवताचं सोनं करणारा ड्राफ्ट हाताशी असतो. ड्रॅगनच्या गुहेत सोन्याचा ढीग दिसतो आणि कुणी न सांगता बोटं तो उलटा वाजवायला निघतात.

चित्रांबद्दल सांगायलाच हवं. मूळ आवृत्तीत जेमतेम १६ रंग होते आणि तेही ठरलेले. मार्क फेरारीने त्यांतून पहाटेचं आकाश काढलं. जवळ जाऊन पाहिलं तर निळ्या ठिपक्याशेजारी वेगळा ठिपका, पुन्हा निळा; जरा मागे सरकून पाहिलं की तिसराच, पाकिटात नसलेला रंग दिसतो. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, आणि हलवली की दोन्हींपलीकडची छटा डोळ्यांत भरते, तसंच हे. पुढे २५६ रंगांची आवृत्ती आली, सीडीवर १९९२ साली बोलणारी पात्रंही आली. तिच्यासाठी संवाद छाटले गेले. ती आवृत्ती अनेकांना प्रिय आहे, पण मला सोळा रंगांची वीणच आवडते. टंचाईत काम केलेल्या हाताचा तिच्यात माग लागतो.

संगीत चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’चं आहे आणि ते वरून चिकटवलेलं नाही. हंस होऊन निघून गेलेल्या विणकरांची ही गोष्ट, आणि हंसिणीचीच ती सुरावट. मामाच्या संगणकाच्या पोटातला छोटा स्पीकर ती पिपाणीसारखी चिरकत वाजवायचा, तरी अंगावर काटा यायचा.

खेळ लहान आहे, ही तक्रार खरी आहे. शेवटचा भाग घाईत उरकलाय, हेही खरं. मोरियार्टीने कल्पिलेले पुढचे भाग कधी आलेच नाहीत. पण खेळायच्या तीन पातळ्या आहेत, आणि ज्याला खेळ सोपा वाटतो त्याने सर्वांत अवघड पातळी घ्यावी. तिथे स्वर पडद्यावर दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. मी त्या पातळीवर आलो तेव्हा वहीचं पान पुन्हा काढलं. या वेळी एकेका ड्राफ्टला आधी पेटीवर शोधावं लागलं, भाता हलवत, चुकत.

शेवटी वास्तवाचं कापड फाटतं आणि ठिकठिकाणी भोकं पडतात. बॉबिन त्यांतून फिरतो, मागे राहिलेल्या माणसांना भेटतो आणि एकेक भोक बंद करतो. त्यासाठी नवा मंत्र मिळत नाही. पहिल्या अंड्याजवळ ऐकलेलेच चार स्वर लागतात, उलट क्रमाने. वहीत ते मी वेगळे लिहिलेच नव्हते. जुन्या ओळीवर बोट ठेवलं आणि उजवीकडून वाचत गेलो: रे, ग, सा, ग.